तेरच्या वाटेवर गिअरची तहकीकात

तेर येथे जाऊन रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील सातवाहनकालीन वस्तू पाहाव्यात, असा प्रस्ताव आमच्या मेहुण्यांनी उस्मानाबादेत मांडला (जिल्हा सरकारदफ्तरी धाराशिव होण्यापूर्वीची ही हकीकत आहे), तेव्हा त्यात इतिहासप्रेमाचा अंश किती आणि आपली जुनी प्रीमियर पद्मिनी चारचौघांत मिरवण्याचा किती, याची चौकशी करण्याचे औद्धत्य आम्हांपैकी कोणी केले नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. अर्थात सोलापूरच्या शेजारधर्माने या मुलखाशी तिचे नाते भावकीचे आहे, असे मेहुणे अभिमानाने सांगत. आणि भावकी म्हटली की ओघाने जे जे येते ते ते तिने पुढे यथासांग पार पाडले.

दिवस उसाच्या हंगामाचे होते. ढोकीच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या रांगेतील शेवटच्या गाडीने खड्डा चुकविण्यासाठी एकाएकी अंग उजवीकडे टाकले. मेहुण्यांनी ब्रेक दाबला, पद्मिनीने तो विचारार्थ स्वीकारला, आणि निर्णय होण्यापूर्वीच तिचे डावे मडगार्ड बैलगाडीच्या आखावर जाऊन आदळले. बैलांनी मान वळवूनही पाहिले नाही. उसाच्या दोन मोळ्या तेवढ्या खाली घरंगळल्या.

मडगार्ड चेपले याचे दुःख मेहुण्यांनी धीरोदात्तपणे गिळले असते. परंतु इंजिन सुरू करून त्यांनी स्टिअरिंगच्या नळीवरची गिअरची दांडी ओढली, तो पहिला आणि दुसरा गिअर पडेचना, तिसरा पडे पण चार हात जाताच आपोआप निसटे, आणि केवळ रिव्हर्स काय तो अत्यंत आज्ञाधारकपणे लागे. म्हणजे उस्मानाबादेस उलट्या पावली परतण्याची मुभा होती, तेरला जाण्याची मात्र सक्त मनाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात अशी नोंद आहे की, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या मजलेवरील तगर नगराचा, म्हणजे याच तेरचा, माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून थेट भडोचच्या बंदरी जात असे. हा संदर्भ मी त्या प्रसंगी उच्चारला, तेव्हा मेहुण्यांनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले तिची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही.

निजामी अंमल या मुलखातून १९४८ साली गेला, तरी त्याची कचेरीची भाषा माणसांच्या जिभेवर राहिली आहे; त्यामुळे घटकाभरात जमलेल्या मंडळींनी गाडीला हात लावण्यापूर्वी रीतसर पंचनामाच आरंभिला. कसूर कोणाचा, हद्द कोणत्या ठाण्याची, गाडीवानाची जबानी काय, या मुद्द्यांचा खल होता होता पंचांनी खाली पडलेला मुद्देमाल सोलून खाण्यास प्रारंभ केला, आणि शेवटी पुराव्यादाखल चोयट्या तेवढ्या उरल्या. गिअरविषयी मात्र मतभेद नव्हता. “गिअरबॉक्स गेला,” असा एकमुखी फैसला झाला, आणि आश्चर्य हे की मेहुण्यांनी तो काहीशा समाधानाने ऐकला.

सायकलवरून आणलेले मिस्त्रीचाचा मात्र फैसल्याआधी तपास व्हावा अशा जुन्या वळणाचे होते. त्यांनी प्रथम इंजिन बंद करवून गिअर टाकून पाहिले. इंजिन चालू असता गिअर करकरून अडतो आणि बंद असता सुखाने पडतो, तेव्हा क्लच पुरता सुटत नसतो; येथे तो बंद इंजिनातही पडेना, सबब क्लच निर्दोष सुटला. मग गाडीखाली शिरून त्यांनी गिअरबॉक्सच्या अंगचा दांडा सोडवला आणि तेथील पाते हातानेच पुढेमागे केले. एकेक गिअर ‘खट्’ असा स्वच्छ बसला. “साहेब, गिअरबॉक्स खणखणीत हाय,” गाडीखालून आवाज आला. मेहुण्यांचा चेहरा पडला.

त्यानंतर चाचांनी हातोडीने इंजिनाची फाउंडेशने ठोकावयास सुरुवात केली, तेव्हा ज्या तेरगावच्या गोरोबाकाकांनी आपल्या थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे ते सांगितले, त्यांच्याच पंचक्रोशीत आपण उभे आहोत याची मला गोड जाणीव झाली. डाव्या बाजूचे मडके कच्चे निघाले. धडकेने तेथील रबर फाटून इंजिन, आणि त्याला जखडलेला गिअरबॉक्स, बोटभर सरकला होता; दांडी मात्र गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असल्यामुळे जागची हलली नव्हती; आणि या दोन पक्षांमध्ये दळणवळण ठेवणाऱ्या बिचाऱ्या दांड्यांना आता धन्याचा हुकूम पुरता पोचवता येत नव्हता. तिसरा गिअर निसटत होता तोही अर्धवट बसल्यामुळेच.

जुन्या टायरचा तुकडा कापून फाउंडेशनखाली घालण्यात आला, दांड्याच्या टोकाचे आटे फिरवून लांबी जुळवली गेली, आणि चाचांनी या सर्वांचे जे दाम सांगितले ते ऐकून मेहुणे अक्षरशः खजील झाले. इतक्या मोठ्या दुखण्याला इतकी क्षुद्र किंमत त्यांना स्वतःच्या इभ्रतीस शोभणारी वाटेना. “गिअरबॉक्स एकदा उघडून तर पाहा,” अशी त्यांनी विनवणी केली. चाचांनी ग्रीसचे हात पुसत सायकलवर टांग टाकली.

तेरपर्यंत चारही गिअर बिनतक्रार पडले. मेहुणे मान तिरपी करून वाटभर गिअरबॉक्सचा आवाज ऐकत होते, पण तो काही केल्या येईना, तथापि संग्रहालयाच्या दारी पहारेकऱ्याने उशिराचे कारण पुसताच, माझ्या तोंडून शब्द फुटण्यापूर्वीच ते गंभीरपणे म्हणाले, “गिअरबॉक्स फुटला.”