नानांचा सोमवारचा वाफा

गौरी-गणपती पाण्यात गेले, की दुसऱ्या दिवशी आमचे नाना डहाणू रोड स्टेशनजवळच्या बियाण्यांच्या दुकानात हजर होतात आणि काकडीचं नि लाल भोपळ्याचं बी मागतात. दुकानदार आधी त्यांच्याकडे बघतो, मग कॅलेंडरकडे. लोक काकड्या खाऊन कंटाळले, आणि हा माणूस आता बी विचारतोय! तळातलं एक पाकीट फुंकर मारून पुढे करत तो म्हणतो, "तारीख बघून घ्या हं, नाना." नाना तारीख बघत नाहीत. तारखा बघायची सवय असती तर जूनमध्येच आले नसते का?

मसोलीपासून बोर्डीपर्यंत आळीआळीत असा एक नाना सापडतो. नोकरीतून निवृत्त, घरामागे जेमतेम दीड गुंठा, डोक्यावर टोपी, हातात खुरपं. खुरप्याची मूठ कोरी करकरीत. आळशी म्हणाल तर साफ चूक. तयारीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. महालक्ष्मीच्या जत्रेतून नवं खुरपं येतं (गेल्या वर्षीचं सापडत नाही). मे महिन्यात कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन चार शंका विचारून होतात. मग आलेखाच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी नकाशा: मोठा गोल, त्याचे सात वाफे, आठवड्याच्या एकेका वाराला एकेक. सोमवारी भोपळा-काकडी, मंगळवारी भेंडी, बुधवारी वांगी, असं थेट रविवारपर्यंत.

इतक्यात मृग लागतो. नाना पंचांगात वाहन बघतात. "गाढव आहे. गाढवावर कसला भरवसा? आर्द्रा बघू." आर्द्रेला बेडूक निघतो. बेडूक म्हणजे धो धो, बी वाहून जायचं. पुढे उंदीर येतो, कोल्हा येतो, म्हैस येते, आणि प्रत्येक जनावरात नानांना काही ना काही खोट दिसते. अशी सगळी वरात दारावरून निघून जाते आणि नाना हत्तीची वाट बघत ओसरीवर बसून राहतात.

उशीर झाला, असं मात्र त्यांना म्हणायची सोय नाही. मी एकदा म्हटलं.

"डहाणूत वेळेवर आलंय काय, सांगा ना," ते उसळले. "लोकल विरारच्या पुढे इथवर यायला 2013 उजाडलं. पालघर जिल्हा झाला 2014च्या ऑगस्टात. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं 2016मध्ये. झाडं केव्हापासून उभी आहेत! गंजाडच्या जिव्या सोमा मशेंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांची पंचाहत्तरी उलटून गेली होती. आणि तुम्ही माझ्या भोपळ्याला धरून बसलात!"

चिकूवर तर त्यांचा वेगळाच राग आहे. चिकूला जवळजवळ बारा महिने फूल-फळ चालू असतं. ते बघतच मोठा झालेला माणूस हंगाम ओळखणार कसा, हा त्यांचा सवाल. मला यात थोडं तथ्य वाटतं. पण शेजारच्या वाडीवाल्याच्या मांडवावर शिराळी वेळेवर लोंबत असतात, त्याचं काय करायचं?

दसऱ्यापर्यंत सातांपैकी एकच वाफा खणून झाला, सोमवारचा. "मंगळवारपासून काय, उपास करायचे का?" काकू विचारत्या झाल्या, आणि दारावर आलेल्या बायकडून पडवळ घेत्या झाल्या. ही बाय तलासरीकडून टोपली घेऊन येते. पहिल्या सरीआधीच अंगणातल्या मांडवाच्या बुडाशी बी टोचून मोकळी होते. बी घरचंच, राखेत घोळून ठेवलेलं. नकाशा नाही, वार नाहीत.

तिने नानांचा वाफा पाहिला. काकडी उगवलीच नव्हती. भोपळ्याचे वेल तेवढे हातभर सरकले होते. "काका, आता मेथी टाका, मुळा टाका," ती म्हणाली. "आणि वाल. पण वाल भात कापल्यावर हां."

मेथी नानांना पोरकट वाटते. महिनाभरात हाती येते ती कसली शेती! वाल मात्र त्यांना एकदम पटला आणि त्याच संध्याकाळी त्यांनी तो पेरला. आयुष्यात एक पीक असं भेटलं, की ज्याला उशीरच लागतो, आणि नेमकी तिथे नानांनी घाई केली. ओल भरपूर, थंडीचा पत्ता नाही. वेल माजला, कुंपणावर चढला, तिथून विजेच्या तारेकडे बघू लागला. पानंच पानं. फुलाचं नाव नाही.

भोपळ्याला फुलं आली. मग नानांचा दिवस सकाळी सातला वाफ्यात सुरू होऊ लागला. उकिडवं बसायचं, फूल दोन बोटांनी अलगद उचलायचं, खाली वाकून बघायचं. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, बोराएवढा. नर फुलाखाली नुसता लांब देठ. वेल आधी नर फुलंच देतो, हे नाना आम्हांला आठ दिवस समजावत होते. वहीत नोंदी पडत होत्या: "फुले 9. नर 9." "फुले 11. नर 11." तोवर पानांवर भुरी आली, कोणी पावडरचा डबा उपडा करावा तशी.

बाय पुन्हा आली, वेलाकडे पाहून हसली आणि फुलं खुडून काकूंच्या हातात देत म्हणाली, "भजी करा."

नानांनी अख्ख्या आळीला बोलावलं. बेसनात बुडवलेली फुलं तेलात टम्म फुगली होती, देठाशी कुरकुरीत, आत मऊ. "बागेतलीच आहेत," नाना प्रत्येकाला सांगत होते. स्वतः एक तोंडात टाकून त्यांनी वही उघडली आणि सोमवारच्या वाफ्यासमोर तेलकट बोटांनी लिहिलं: "उत्पादन 11."

त्या दिवशी गुरुवार होता.