कर्नल, मुक्काम पोस्ट जालना

जालन्यात सळई तयार होते, बियाणं तयार होतं, मोसंबीचं तर विचारूच नका. लिनक्सचा कर्नल मात्र इथे कुणी तयार केल्याचं ऐकिवात नव्हतं. गावाची ही उणीव भरून काढायला मी मे महिना निवडला.

कर्नल म्हणजे यंत्र आणि बाकीची सॉफ्टवेअर यांच्या मधे बसून सगळा कारभार बघणारा भाग. लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत शिकत असताना, १९९१ साली, वयाच्या २१व्या वर्षी तो हौस म्हणून लिहायला घेतला. माझं वय त्याच्या दुपटीच्या पुढे, तेव्हा हौसही त्याच हिशेबात. शिवाय त्याला सगळं लिहावं लागलं, मला फक्त नको ते काढायचं होतं.

कारण तयार कर्नलमध्ये खोगीरभरती फार, असं माझं ठाम मत. हौशी रेडिओवाल्यांची सोय, जॉयस्टिक, जन्मात न पाहिलेली नेटवर्क कार्डं! त्यावर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा आहे. त्या घटकेला जे ड्रायव्हर कामावर हजर असतील तेवढे ठेवायचे, बाकीच्यांना नारळ. आपल्या नावाची शेपटीही जोडता येते. मी ‘-जालना’ जोडली. तेवढं काम पहिल्या फटक्यात जमलं.

मग कंपाइल. लॅपटॉपखाली स्टीलचं ताट पालथं घातलं, टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि घरची माणसं घामाघूम बसली. बायकोने विचारलं, “जुनं चालू होतं ना?”

“होतं की.”

“मग?”

या ‘मग’चं उत्तर कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

संध्याकाळी ‘मेक इन्स्टॉल’ म्हटलं. भराभर ओळी धावल्या आणि त्यात ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी एक दिसली. बूटचं पार्टिशन चिमुकलं, आणि मॉड्यूलमधली डिबगची चरबी मी काढलीच नव्हती. जागा नाही? मग जुना कर्नल हलवू. ‘हाच कर्नल आत्ता चालू आहे, काढणं थांबवू का?’ असं यंत्राने अदबीने विचारलं. नको म्हटलं. जागा झाली, अपडेट-ग्रब चालवलं, मशीन रीस्टार्ट केलं.

‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०).’

खाली कॅप्स लॉकचा दिवा उघडझाप करू लागला. अंबडहून आलेले काका चष्मा सरकवून वाकले. “ही लाईट काहून लुकलुकायली?”

“तो घाबरलाय, काका.”

“तू हात लावल्यावर दुसरं काय व्हईल त्याचं?”

घाबरण्याचं कारण साधं होतं. डिस्क वाचायचा ड्रायव्हर डिस्कवरच पडलेला. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावावं तसं. ही अडचण येऊ नये म्हणून सुरुवातीपुरती एक लहान शिदोरी कर्नलसोबत देतात, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. ती लिहिताना जागा संपली होती. नंतर जागा केली, पण शिदोरी पुन्हा बांधायचं राहून गेलं. परत जावं तर ग्रबच्या यादीत जुन्या कर्नलचं नावच नाही. त्याची विल्हेवाट मी फार नीटनेटकी लावली होती.

भाच्याच्या लॅपटॉपवर लाइव्ह पेनड्राइव्ह बनवला. त्यावरून मशीन उठवलं, रूट आणि बूट माउंट केले, डेव्ह, प्रॉक, सिस बांधले आणि सीएचरूट करून आत शिरलो. ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ देऊन मॉड्यूल पुन्हा बसवले. चरबी अशी उतरली की शिदोरी आरामात मावली. अपडेट-ग्रब, रीस्टार्ट, आणि लॉगिनचा पडदा आला! ‘यूनेम -आर’ मारून शेवटचं ‘-जालना’ मी घरभर दाखवत फिरलो.

काकांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. “हे बेस झालं. याच्यात सातबारा हाय, तेवढा छापून दे.”

पेनड्राइव्ह लावला. काही नाही. दुसऱ्या खाचेत लावला, फुंकर मारली, उलटा करून पाहिला. कंपाइलच्या दिवशी लॅपटॉपला एकही पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, तेव्हा यूएसबी-स्टोरेजचा ड्रायव्हर कामावर गैरहजर आणि नारळाचा मानकरी, हे माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

“काका, तुमचा पेनड्राइव्ह खराब झालाय,” मी म्हणालो.

काका झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि पाच मिनिटांत दोन प्रती घेऊन आले. एक मला दिली. म्हणाले, ठेव, तुझ्या मशीनला दाखव.