अपघातापुरते अनोळखी

दादर टीटीहून गिरगावला जायचे भाडे ॲप ठरवते. कोणता चालक येणार, लालबागच्या पुलावरून जायचे की खालून, हेही तेच सांगते. पाऊस आला की दर चढवायचा, तारे कमी पडले की चालकाचे खाते बंद करायचे, फेरीतला आपला वाटा कापून घ्यायचा. सगळा थाट मालकाचा. पण गाडी परळला दुभाजकावर चढली आणि प्रवासी केईएममध्ये पोचला, की कंपनीला एकदम वैराग्य येते. गाडी आमची नाही, चालक आमचा नोकर नाही, आम्ही फक्त गाठ घालून दिली! लग्न जुळवणारेही पुढे असेच हात झटकतात, पण ते संसारातून टक्केवारी घेत नाहीत.

हा आडोसा कायद्यानेच पुरवला आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘ॲग्रिगेटर’ अवतरला तो डिजिटल मध्यस्थ म्हणून. कलम 93 खाली त्याला परवाना सक्तीचा झाला, तरी मार्च 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की 16 तारखेपर्यंत निदान अर्ज तरी करा. (विनापरवाना वडापावच्या गाडीला पालिका इतकी सवड देत नाही.)

यावर शहाणे लोक म्हणतात, भरपाई विमा कंपनी देतेच, मग ॲपच्या मागे कशाला लागता? खरे आहे. कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. कलम 164 खाली तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल 5 लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मिळू शकतात. पण विमा कंपनी आधी पॉलिसीच्या अटी वाचते. परमिट आहे का, चालकाचा परवाना चालू आहे का? पांढऱ्या पाटीच्या खासगी दुचाकीवर भाड्याने बसला असाल तर पॉलिसी घरगुती वापराची निघते. अशा वेळी कधी न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे भरून मालकाकडून वसूल करायला सांगते, कधी तिला मोकळे सोडते. मग उरतो मालक, आणि त्याच्याकडे बहुधा गाडीचे हप्ते तेवढे असतात.

गाडी ज्याची नाही त्याला कसे धरणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1997 मध्ये कैलासनाथ कोठारी प्रकरणात राजस्थानच्या एसटी महामंडळाने हेच म्हटले होते: बस भाड्याची, चालक बसमालकाचा. सर्वोच्च न्यायालयाने चालकावर हुकमत कोणाची ते पाहिले आणि जबाबदारी महामंडळावर टाकली. ॲप गाडी भाड्याने घेत नाही, हा फरक आहेच, आणि कंपनीचे वकील तो सोडणार नाहीत. पण हुकमतीचे म्हणाल तर एसटीचा कंट्रोलर चालकाच्या खिशात बसून त्याचे ब्रेक मोजत नव्हता.

जबाबदारी टाकली तर भाडे वाढेल, अशीही भीती घालतात. ते पावसात वाढते, गणपतीत वाढते, ऑफिस सुटताना वाढते. विम्यासाठी वाढले तर निदान कारण तरी कळेल. तोवर दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्या जोडीला ॲपवाल्या कंपनीलाही जाबदार करावे आणि फेरीची पावती जोडावी. पैसे कंपनीकडून मिळतीलच असे नाही. पण चालक त्या दिवशी सलग किती तास ऑनलाइन होता, याची नोंद तिच्याकडे असते, आणि ती मागायला न्यायाधिकरणासारखी जागा नाही.