नव्या गुरुजींना मुख्यालयी वसवावे कसे

पवित्र पोर्टलवर निवड झाली, समुपदेशनात शाळा मिळाली, की नव्या शिक्षकाचे बिऱ्हाड हलवण्याची जबाबदारी जुन्यांवर येऊन पडते. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि पंचायत समितीतला एखादा मुरलेला लिपिक अशा मदतनीसांसाठी हे मार्गदर्शन आहे. खुद्द नव्या गुरुजींनी ते वाचू नये. त्यांना अजून रुजू अहवालाच्या झेरॉक्स काढायच्या आहेत.

सुरुवात हिशेबाने करावी. नवा माणूस पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. प्राथमिकचे मानधन आधी ६,००० रुपये होते, ते १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. त्यावर घरभाडे भत्ता नाही. मुख्यालयी राहण्याची अपेक्षा मात्र पहिल्या दिवसापासून आहे. मदतनीसाने ही बातमी पेढा देत सांगावी: भत्ताच नाही, तेव्हा तो कापला जाण्याची धास्तीही नाही.

मग खोली. लातूर जिल्ह्यातल्या खेड्यात घरे भरपूर, पण भाड्याने द्यायला म्हणून कुणी बांधलेली नसतात. विचारले की घरमालक आनंदाने म्हणतो, "देऊ की गुरुजी, तेवढी पोती हलली की खोली तुमचीच!" पोती सोयाबीनची. भाव वाढल्याशिवाय ती हलणार नाहीत, आणि सोयाबीनच्या भावावर विसंबून कुणी गादी-भांडी आणू नयेत. जागा मिळालीच तर संडासाची चौकशी आधी करावी, हवापाण्याची नंतर.

एवढे झाल्यावर बिऱ्हाड लातूर शहरात थाटण्याचा विचार सुचतो. तो जून महिन्यात सुचू देऊ नये. 'लातूर पॅटर्न'च्या कीर्तीने नीटची तयारी करणारी पोरे आणि त्यांच्यासोबत डबे करायला आलेल्या आया यांनी तोवर ट्यूशन एरियातल्या खोल्या धरलेल्या असतात. एकट्या तरुणाला "फॅमिली आहे का?" असे विचारले जाते. नसल्यास लग्न जमवून देणे हेही मदतीतच मोडते. डिपॉझिटची घासाघीस करण्याआधी मात्र एक प्रश्न विसरू नये: नळाला पाणी किती दिवसांनी येते? एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि 'जलदूत' गाडीची पहिली खेप दहा वाघिणींची होती. ज्या घराला बोअर आहे, त्याचा मालक भाडे कमी करत नाही. त्याच्याशी वाद घालू नये.

नांदेडला गोदावरी आहे, त्यामुळे तिथला पेच वेगळा. शाळा किनवट-माहूर भागात मिळाली तर मदतनीसाने 'एकस्तर'चे महत्त्व समजावून द्यावे: आदिवासी भागात काम करणाऱ्याला एक पायरी वरची वेतनश्रेणी, शासन निर्णय ६ ऑगस्ट २००२. मानधनावरच्या माणसाला यातून काय मिळणार, असे त्याने विचारल्यास विषय बदलून सहस्रकुंड धबधब्याकडे न्यावा. वर्गात गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू बोलणारी मुले भेटतील, हे कुणी सहसा आधी सांगत नाही. खरे तर सामानाच्या टेम्पोपेक्षा चार कोलामी शब्दांची मदत जास्त उपयोगाची. पण त्यासाठी कुठला तक्ता भरायचा नसल्याने ती राहून जाते.

उरते ते अपडाऊन. त्याचे नाव उघड घेऊ नये. ऑगस्ट २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी गावात न राहता घरभाडे घेणाऱ्या शिक्षकांचा विषय विधानसभेत काढला आणि राज्यभर रण पेटले. गावात राहायला घर द्या, मग बोला, हे शिक्षकांचे उत्तर होते. त्यातला घराचा भाग वर आलाच आहे. सहा महिने उलटले आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. सरकारच सरकारच्या मुख्यालयाविरुद्ध असे उभे राहिल्यावर मदतनीसाने शिक्षिकांना काय उपदेश करावा?

तीन वर्षांनी भत्ता सुरू झाला की ठराव लागेल. ९ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे गुरुजी गावात राहतात हे ग्रामसभेने म्हणावे लागते. यासाठी १५ ऑगस्टची ग्रामसभा धरावी. त्या दिवशी झेंडावंदनाला गुरुजी भल्या सकाळी इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात सगळ्या गावाला दिसलेले असतात. आदल्या रात्री खरोखरच गावात मुक्काम केला तर फारच चांगले, कारण पहिली एसटी वेळेवर पोचेल असे आगारप्रमुखही लिहून देत नाहीत.