रुपये ५,३७९ फक्त

महाराष्ट्रात महागाई आहे, अशी ओरड करणाऱ्यांनी २००९च्या विधानसभा निवडणुकीचे हिशेब चाळावेत. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी भोकर मतदारसंघातल्या खर्चाचं विवरण निवडणूक यंत्रणेला सादर केलं. त्यात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरचा खर्च होता ५,३७९ रुपये. केबलवरचा आणखी ६,०००. एवढ्या पैशांत आजोबांची निधनवार्ता फोटोसकट छापून आणायची म्हटली, तरी काउंटरवरचा माणूस म्हणतो, “फोटो लहान करा, नाहीतर नातवंडं कमी करा.”

गंमत अशी की त्याच दिवसांत राज्यातली मोठी दैनिकं ‘अशोक पर्वा’ने दुथडी भरून वाहत होती. पूर्ण पानं, रंगीत, डझनावारी. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हा मामला उघडा केला, तेव्हा आणखी एक चमत्कार समोर आला. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या तीन दैनिकांत मुख्यमंत्र्यांवरचा एकच स्तुतिलेख शब्दशः छापून आला होता. ‘जाहिरात’ असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. तीन कचेऱ्यांतल्या तीन लेखकांना स्वल्पविरामासकट एकच वाक्य सुचावं, यासाठी पूर्वी संतांना समाधी लावावी लागे.

आपण या मजकुरासाठी पैसे दिले नाहीत, असं चव्हाणांनी सांगितलं. ते कागदोपत्री खोडून काढणंही कोणाला जमलं नाही. २०१४च्या जुलैत निवडणूक आयोगाने हिशेब नीट दिला नाही म्हणून त्यांना नोटीस धाडली, आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. पाच वर्षं चाललेल्या या प्रकरणातून सामान्य माणसाने घ्यायचा बोध एवढाच, की नेत्याची थोरवी वर्तमानपत्रं फुकट छापतात आणि पैसे लागतात ते आजोबा गेल्यावर.

अर्थात सगळेच उमेदवार इतके लाडके नसतात. बाकीच्यांसाठी पॅकेज होतं. प्रचारफेरीचा दर वेगळा, मुलाखतीचा वेगळा, प्रतिस्पर्ध्याचे वाभाडे काढायचे तर आणखी वेगळा. ज्याने पॅकेज घेतलं नाही, तो त्या पंधरवड्यात मतदारसंघात राहतच नव्हता. त्याची सभा झाली, माणसं आली, चहा-वडापाव संपला. पण दुसऱ्या दिवशीच्या अंकात ते मैदान रिकामंच. पॅकेज दोघांनी घेतलं तर पंचाईत व्हायला हवी होती, तीही झाली नाही. एकाच पानावर डावीकडे एकाचा विजय निश्चित आणि उजवीकडे त्याच्या विरोधकाचाही. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच. भाव सारखा, तर न्यायही सारखा.

असे नमुने प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने गोळा केले. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी ७१ पानांचा अहवाल लिहिला आणि त्यात वर्तमानपत्रांची नावं घ्यायचा अविचार केला. कौन्सिलमध्ये मालक मंडळीही बसतात. २०१०च्या जुलैत कौन्सिलने छोटा, सोज्वळ, कोणाचंही नाव नसलेला अहवाल काढला आणि मोठा ‘संदर्भासाठी’ कपाटात ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली आदेश निघाला, तेव्हा कुठे २०११ मध्ये तो बाहेर आला. जो अहवाल सांगतो की वर्तमानपत्रं वाचकापासून खरं दडवतात, तोच दडवून ठेवायचा, असा सप्रयोग पुरावा विज्ञानातही दुर्मीळ.

कायद्याचे हात लांब असतात, हे मात्र मान्य करायला हवं. ते थेट उत्तर प्रदेशातल्या बिसौलीपर्यंत पोचले. तिथल्या आमदार उमलेश यादव यांनी बातमीच्या वेषातल्या जाहिरातीचा खर्च हिशेबात दाखवला नव्हता. २०११ मध्ये आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. ज्यांनी तो मजकूर छापला ती वर्तमानपत्रं दुसऱ्या दिवशीही वेळेवर निघाली.

या व्यवहारात सगळ्यात खाली उभा असतो तालुक्याचा प्रतिनिधी. त्याला पगार नाही. मानधन आहे, पण ते मानापुरतंच. त्याला टार्गेट मात्र असतं: दिवाळी अंक, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि साहेबांचा वाढदिवस. सकाळी ज्या सभापतीकडून पुरवणीसाठी अर्धं पान आणायचं, त्याच्याच रस्त्याच्या कामातली डांबराची चोरी संध्याकाळी लिहायची, अशी आपली अपेक्षा. तो बिचारा दोन्ही करतो. अर्धं पान छापून येतं, डांबर जागेअभावी राहतं. पुढे पाकिटाची चर्चा निघाली की जिल्ह्याच्या पत्रकार भवनात सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. ज्यांनी टार्गेट दिलं ते तेव्हा ‘पत्रकारितेपुढील आव्हाने’ या परिसंवादाचे अध्यक्ष असतात.

आता निवडणुकीत प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण समिती बसते. टीव्हीवरच्या जाहिराती आधी तपासते, संशयास्पद बातम्यांची कात्रणं काढते. कामात हयगय नाही. पण एव्हाना प्रचार वर्तमानपत्रातून उठून मोबाइलमध्ये गेलाय. तालुक्यात पाच यूट्यूब चॅनेलं, प्रत्येकाचा स्वतःचा बूम. भाऊ गाडीतून उतरतात, संथ गतीने चालतात, मागे ढोल वाजतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘जनतेच्या मनातला आमदार’. जनतेच्या मनात कोण आहे हे जनतेला कळवण्याचा खर्च कोणी केला, ते समितीने कुठल्या कात्रणावर शोधायचं?

यावर आमच्याकडे एक तोडगा आहे, आणि त्यासाठी नवा कायदाही नको. बिस्किटाच्या पुड्यापासून तुरीच्या डाळीपर्यंत कोणतीही बंद पाकिटातली वस्तू विकायची, तर तिच्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापावीच लागते. वजन-माप तपासायला सरकारचा वैधमापन विभाग आहे. तेव्हा पॅकेजमधली बातमीही त्याच विभागाकडे सोपवावी. ‘विजयाची केवळ औपचारिकता बाकी’ या मथळ्याखाली बारीक अक्षरांत यावं: उत्पादक, उमेदवाराचे मेहुणे. निव्वळ माहिती, दोन ओळी. बाकी स्तुती. मतदानानंतर वापरण्यास अयोग्य. निरीक्षकांनी किराणा दुकानातल्या तराजूसारखी अग्रलेखाचीही ठरावीक मुदतीने तपासणी करून शिक्का मारावा.

मालकांची हरकत नसावी, कारण किंमत छापल्याने धंदा बुडत नाही, हे बिस्किटवाल्यांनी दाखवून दिलंय. उमेदवारांचीही नसावी, सगळं प्रेमापोटीच छापून येत असेल, तर किमतीच्या जागी शून्य येईल आणि तेवढीच कीर्ती वाढेल. अडचण एकच आहे. अंकाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकांच्या ओळीत संपादकाच्या नावावर एक छोटी चांदणी असते, आणि बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कायद्याने त्याची, असं पुढे लिहिलेलं असतं. ती चांदणी तेवढी उचलून जाहिरात व्यवस्थापकाच्या नावावर ठेवा. संपादकही सुटकेचा निःश्वास टाकतील. न निवडलेल्या बातम्यांची जबाबदारी ते किती वर्षं वाहणार?