पंधराव्या दिवसाचं शास्त्र

माणूस गेल्यावर काय करावं आणि काय करू नये, यासाठी आपल्याकडे कुणाचं अडत नाही. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी 1790 साली धर्मसिंधू लिहून बारीकसारीक सगळ्याची सोय लावून ठेवली आहे. दहाव्याला कावळ्याची वाट पाहायची, तेराव्याला गोड जेवायचं, चौदाव्याला उदकशांत. पंधराव्या दिवशी मात्र शास्त्र हात वर करतं. त्या दिवशी घरातलं कुणीतरी चहाचा कप खाली ठेवत म्हणतं, "आता कपाटाचं काय करायचं?" लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून गोदरेजचं कपाट उतरवताना वरच्या बाजूला कोणी राहावं, पायांत काय घालावं, नाकाला काय बांधावं, यावर एकही श्लोक नाही.

अंधेरी पूर्वेला, जुन्या नागरदास रोडच्या पोटगल्लीत आत्याचं घर होतं. इमारत पुनर्विकासाला गेलेली, त्यामुळे शोकालाही बिल्डरने तारीख दिली होती. त्या घरात शिरताना आम्हां भावंडांना कधी भीती वाटली नव्हती. वाटायचं कारणच नव्हतं, कारण आत्या दारातूनच सुरू व्हायची. माळ्यावर चढशील तर आधी पंखा बंद कर. मोरीतल्या बटणाला ओला हात लावू नकोस. कपाटाचा तिसरा खण डावीकडून ओढ, नाहीतर पायावर येतो. त्या स्टुलावर उभं राहू नको म्हणून किती वेळा सांगायचं? आम्ही हसायचो. एका बाईच्या तोंडी इतकी संकटं राहतात आणि घरात एकही येत नाही, याची आम्हाला गंमत वाटायची.

ती गेली आणि घर एका रात्रीत धोकादायक झालं. वस्तू त्याच होत्या, जागच्या जागी होत्या. पण कुठली वस्तू कुठून धरायची, हे ज्ञान कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. वेदांसारखं ते मौखिक परंपरेने चालत आलं होतं आणि परंपरेचा शेवटचा शिष्य त्या वेळी खिडकीतून क्रिकेट बघत होता. कारखान्यांत सुरक्षा अधिकारी असतो, त्याला पगार असतो, पिवळं हेल्मेट असतं. आमच्या त्या दोन खोल्यांतला अधिकारी नऊवारीतून पाचवारीत आला, पाचवारीतून गाऊनमध्ये आला, पण ड्यूटीवरून कधी उतरला नाही.

सामान उतरवायला तिघे आले, मूळचे पाटणकडचे. त्यांतल्या वयस्काला बाकीचे दोघे मामा म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. मामांनी आल्या आल्या चपला दाराबाहेर काढल्या. मला वाटलं, गेलेल्या माणसाच्या घराचा मान म्हणून. मग म्हणाले, "जिन्यात चप्पल सरकती, काका." खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी त्याची गोल चुंभळ वळली, तळहाताने दाबून पाहिली, पुन्हा सोडली आणि जरा सैल वळली. संपूर्ण कामातलं संरक्षक साहित्य म्हणतात ते एवढंच.

कायदा नाही असं नाही. 1948 च्या मूळ कारखाना कायद्याला मात्र विजेवर चालणारं काम असेल तर निदान दहा माणसं लागायची. इथे तिघे होते आणि वीज आदल्या दिवशीच कापलेली. अंगमेहनतीच्या कामगारांसाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून. हमालाला बोर्ड मिळालं, भविष्यनिर्वाह निधी मिळाला, हमालही उद्या म्हातारा होणार आहे ही गोष्ट सरकारदरबारी मान्य झाली. त्याचं मोल मोठं आहे. पण तो बाजारांसाठी, गोद्यांसाठी. आत्याच्या घरापर्यंत यायला त्यालाही जिना चढावा लागला असता. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली शिफारस केली की धडधाकट पुरुषाने एका वेळी 55 किलोंहून जास्त वजन उचलू नये. कपाट मामांच्या अंदाजाने शंभर किलोंचं. दोघांत वाटून घेतलं की जिनिव्हाला बोट दाखवायला जागा नाही. फक्त जिन्यात वजन वाटलं जात नाही. वरचा माणूस तोल सांभाळतो, भार खालच्यावर येतो. हे त्या तिघांनाही ठाऊक होतं आणि खालची बाजू न बोलता मामांनी घेतली.

कपाट निघाल्यावर मागे आत्याचं औषधांचं खोकं सापडलं. आतोबांना जाऊन वर्षं लोटली, तरी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि पाकिटावर लाल शाईत आत्याचं अक्षर: 'हे घेऊ नये'. फेकायच्याही नाहीत, घ्यायच्याही नाहीत. केंद्रीय औषध नियामकांनी 2025 साली अशी 17 औषधं सांगितली, जी मुदत संपल्यावर थेट संडासात टाकून पाणी सोडावं. नवऱ्याच्या गोळ्यांना असा निरोप द्यायला आत्या धजली असती असं वाटत नाही.

त्याच खोक्यात थर्मामीटर होता, फुटलेला. पारा खोक्याच्या कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता, चांदण्याचा एखादा थेंब वाट चुकून आत आल्यासारखा. लहानपणी आम्ही असा पारा तळहातावर खेळवला आहे. आता कळतं की त्याची वाफ साध्या उन्हाळ्यातही होत राहते, त्याला झाडू लावला तर तो बारीक थेंबांत विखुरतो, आणि कागदाच्या कडेने हळूच गोळा करून झाकणाच्या बरणीत भरायचा असतो. भारताने 2018 साली पाऱ्याविरुद्धच्या मिनामाता कराराला मान्यता दिली. तिघांतला धाकटा मात्र बोट पुढे करून होता. "हात लावू नकोस!" असा ओरडा माझ्या तोंडून निघाला आणि मी स्वतःच दचकलो, आवाज थेट आत्याचा.

गॅलरीवरच्या सिमेंटच्या पत्र्याची गोष्टही तीच. ॲस्बेस्टॉस जागच्या जागी असेतो बहुधा गप्प असतं. पत्रा फोडला की त्याचे तंतू उडतात आणि फुप्फुसात शिरून वीस-तीस वर्षं दबा धरून बसतात. म्हणून तो फोडू नये, अख्खा काढावा, आणि काढण्याआधी भिजवावा असं सांगतात. आम्ही तांब्याने पाणी शिंपडलं. उदकशांत झाल्यावर हे दुसरं शिंपण. आधुनिक शास्त्रही शेवटी तांब्यापाशीच आलं, याचं भटजींना समाधान वाटलं असतं.

हे सगळं हसण्यावारी नेताना 2010 सालची दिल्ली आठवते. तिथल्या विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातली अडगळ लिलावात काढली. तीत 1985 पासून न वापरलेलं एक किरणोत्सर्गी यंत्र होतं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं, तिथे उघडलं गेलं, आतला कोबाल्ट-60 उघड्यावर आला. भंगारातली माणसं आजारी पडली, एक दगावला. चौकशी झाली, आपल्या अणुशक्तीनगरच्या नियामक मंडळाला नियम आवळावे लागले. मला त्यातली एकच गोष्ट छळते. त्या विभागात कधीतरी कुणीतरी नक्की असेल, जे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असेल, "त्या कोपऱ्यातल्याला हात लावू नका." ते माणूस केव्हा गेलं असेल?

दुपारी टेम्पो भरला. माल ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जायचा होता, म्हणजे गोखले पुलावरून. हा पूल नवा झाला तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. मग जॅक लावून जुन्याला उचलावं लागलं. एवढा मोठा पूल उचलणाऱ्यांना माणसं, यंत्रं आणि हेल्मेटं मिळाली होती. मामा टेम्पोच्या फळीवर बसून गुडघा चोळत होते. पाणी दिलं तर आधी धाकट्याकडे सरकवलं.

टेम्पोपाशीच बाजारातला व्यापारी एकेका वस्तूचा भाव करत होता. कपाटाचं जमलं, पलंगाचं जमलं, मग स्टूल आलं. शिसवी, जुन्या घडणीचं, एका पायाला आतोबांनी बांधलेली सुतळी. तो म्हणाला, दीडशे. मी हो म्हणणार होतो, पण राहवेना.

"यावर उभं राहू नका हं कुणी. मागचा पाय डुगडुगतो."

त्याने स्टूल उलटं केलं, पाय हलवून पाहिला, सुतळीवर नख फिरवलं आणि शंभरावर आला. आत्याच्या सूचनेला आजवर मिळालेला हा एकमेव रोख भाव, तोही वजा खात्यात. मामा फळीवरून हसले आणि म्हणाले, "काका, अजून काय सांगायचं असंल तर टेम्पो गेल्यावर सांगा."