शंभर किलोपास्कलची कोकणवारी

भाच्यानं जुन्या जिप्सीचा कार्बोरेटर उतरवून इंजेक्टर आणि मेगास्क्वर्ट नावाची इलेक्ट्रॉनिक डबी बसवली, तेव्हा सोसायटीत बातमी फिरली की आता ही गाडी स्वतःच्या अकलेनं चालणार. त्या डबीला अक्कल नसते, हे मला लॅपटॉप मांडीवर आल्यावर कळलं. क्रँकच्या चक्राला ३६ दातांची जागा असते आणि त्यातला एक दात मुद्दाम पाडलेला असतो. ते खिंडार समोरून गेलं की पिस्टन कुठे आहे ते डबीला समजतं. त्यावरून फेरे मोजायचे, मॅनिफोल्डमधला दाब बघायचा आणि तक्त्यात डोकावायचं, एवढंच तिचं काम. तक्ता सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ चौकोन. त्या क्षणी सिलिंडर किती टक्के हवेनं भरतो, हे प्रत्येक चौकोनात कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. मग डबी मोठ्या रुबाबात इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवते. कारखान्यात हे लिहायला इंजिनियरांच्या तुकड्या असतात. आमच्याकडे मामा होता.

"मामा, रस्त्याकडे बघू नकोस, लॅम्बडाचा मीटर वाच!" असं ओरडत भाचा कात्रजचा चढ चौथ्या गियरमध्ये, दीड हजार फेऱ्यांवर चढवायचा. कमी फेरे आणि जास्त भार यांचा चौकोन भरायला दुसरा उपाय नाही. मागचे ट्रकवाले मात्र ही अडचण समजून न घेता हॉर्न वाजवत.

खरी पंचाईत वरच्या ओळीनं केली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथं हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. टर्बो नसलेलं इंजिन बाहेरच्या हवेहून जास्त दाब आणणार कुठून? म्हणजे पॅडल जमिनीला टेकवलं तरी शंभरची ओळ इथं उघडत नाही. पुण्यात एखादी गोष्ट मिळत नाही, हे ऐकायची मला सवय नव्हती. शास्त्रासाठी ताम्हिणी उतरणं आलं. शास्त्रासाठीच दिवेआगरला मुक्काम आणि सुरमई. "हा तक्ता दरवर्षी भरावा लागतो का रे?" असं मामीनं जेवताना आशेनं विचारलं. शंभरच्या ओळीतले डावीकडचे चौकोन भरले. सहा हजार फेऱ्यांच्या चौकोनाकडे निघालो तर रस्त्यात म्हशी. तो चौकोन शेजारच्या आकड्यांवरून अंदाजानं भरला. मला वाटतं, मोठ्या कारखान्यांतही कुठल्यातरी कोपऱ्यात म्हैस आडवी येत असणार.

त्यात पेट्रोल. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा, असं जुनी पुस्तकं सांगतात. इथेनॉलला मात्र ९ किलोच पुरते, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. साखर कारखान्यांनी महाराष्ट्रात कशाकशात हात घातलाय ते ठाऊक होतं. मामाच्या मांडीवरचा तक्ता तेवढा राहिला होता. म्हणून भाचा हवेचे किलो मोजतच नाही. इंधन कुठलंही असो, हिशेब चोख जुळला की लॅम्बडा एक. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा जरा कमी, ०.८७ वगैरे, म्हणजे पेट्रोल सढळ हातानं.

ठिणगीचा तक्ता त्याहून बेरकी. पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पाडायची, ते त्यात लिहायचं. आरामात चालताना पस्तीसेक अंश, पूर्ण भारावर त्याहून बरेच कमी. इंधनाची चूक मीटर सांगतं. ठिणगीची चूक आधी कानाला कळते, डब्यात खडे खुळखुळल्यासारखी, आणि तेव्हा दुर्लक्ष केलं तर पुढचं पिस्टन सांगतो. त्यामुळे मी एसी नसलेल्या गाडीत, काचा खाली करून, कान बाहेर काढून बसायचो. लग्नात मुलाकडच्यांचं पुटपुटणं ऐकायला लागलेला कान इथं फार उपयोगी पडला, असं मामीचं मत.

आता थंड इंजिनचा तक्ता उरलाय. त्याची गोम अशी की दिवसाला एकच संधी. सकाळी गाडी सुरू झाली की इंजिन तापलं, आणि फसली तर प्लग ओले. काहीही झालं तरी पुढचा प्रयोग उद्या. शिवाय पाच अंशांचा रकाना पुण्यात कधी भरायचा? परवा भाचा चहा पिता पिता मामीला विचारत होता, "निफाडला तुझं माहेरचं कुणी आहे का गं? डिसेंबरात दोन रात्री झोपायला जागा हवी. गाडीला अंगणात ठेवू, मामाला आत."